सूर्य वर आला की नाहीसा होणारा फॉल्ट

33 के.व्ही.ची, म्हणजे 33 हजार व्होल्टची लाईन पहाटे साडेचारच्या सुमारास ट्रिप होते, आपोआप बंद पडते. ट्राय घेतला, म्हणजे पुन्हा चालू करून बघितली, तर होल्ड होत नाही, टिकत नाही. सकाळी नऊला तीच लाईन चार्ज केली की दिवसभर, अगदी संध्याकाळच्या लोडलाही, बिनबोभाट चालते. दुसऱ्या पहाटे पुन्हा तेच. असल्या फॉल्टबद्दल जुन्या लोकांकडून ऐकलं होतं, अंगावर पहिल्यांदाच आला. निकाल लागून बरेच दिवस झाले, तरी डोक्यातून जाऊन नाही राहिला.

मी विदर्भात वणीकडच्या कोळसा पट्ट्यात एका 33/11 के.व्ही. उपकेंद्रावर, म्हणजे 33 ची वीज 11 के.व्ही.वर उतरवतात तिथे, यंत्रचालक आहे. लोकांना वाटतं आम्ही एसीत बसून बटणं दाबतो. एसी नाही, आणि बटणांपेक्षा फोन जास्त दाबावा लागतो. जानेवारीत तर विचारूच नका. गहू-हरभऱ्याचं ओलित, शेतीच्या फीडरला (उपकेंद्रातून शेताकडे जाणाऱ्या लाईनला) रात्रपाळी, आणि माणूस थंडीत बांधावर उभा. त्याने रात्री दोनला फोन करून चार शब्द सुनावले तर मी ऐकून घेतो. रात्रीचं ओलित कोणाच्या हौसेचं नसतं.

त्या आठवड्यात आधी ढग आले. वारा आग्नेयेकडून, हवा दमट, रात्रीचं तापमान 18-19 अंशांवर चढलेलं. भर जानेवारीत अंगावर रग नको वाटत होता. गावात तुरीवरच्या अळीची चर्चा. मग दोन दिवस भुरभुर. जमीन ओली झाली, पण पन्हाळीतून धार लागावी इतका पाऊस नाही. नंतर एका दुपारी वारा फिरला, उत्तरेकडून सुटला, संध्याकाळपर्यंत आभाळ निरभ्र. त्या रात्री पारा थेट 9 अंशांवर.

हे सगळं भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या पश्चिमी विक्षोभाचं, म्हणजे पश्चिमेकडून सरकत येणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्याचं काम. तो स्वतः काश्मीर-हिमाचलवरून जातो, आपल्याकडे फिरकत नाही. तो पुढे सरकताना आपल्याकडचा वारा बंगालच्या उपसागराची ओल ओढून आणतो, आणि तो गेला की मागून थंड, कोरडी हवा मध्य प्रदेश ओलांडून, सातपुडा चढून विदर्भात उतरते. युरोपात किंवा अमेरिकेत अशी थंड हवेची आघाडी तासाभरात हवा पालटवते. विदर्भापर्यंत येईस्तोवर तिची धार बोथट होते. पण बोथट म्हणजे नाहीच, असं नव्हे. 2018 च्या डिसेंबरअखेर नागपूर 3.5 अंशांवर गेलं होतं, आणि याच भागात मे महिन्यात पारा 47 च्या वर जातो. आमची यंत्रं दोन्ही टोकं सोसतात, तीही उघड्यावर.

तर पहिली पहाट. मी ड्युटीवर. इनकमर (उपकेंद्रात वीज आणणारी लाईन) गेला, कंट्रोल रूम काळोखात, बॅटरीवरचा एक दिवा तेवढा चालू. वरच्या 132 के.व्ही. उपकेंद्राच्या ऑपरेटरला फोन लावला. तो म्हणाला, "अर्थ फॉल्टवर गेली, दादा. ट्राय घेऊ?" अर्थ फॉल्ट म्हणजे वीज कुठूनतरी जमिनीत उतरणं. ट्राय घेतला. गेली. थोड्या वेळाने पुन्हा घेतला, पुन्हा गेली. मग लाईनमनला उठवलं. त्याने मोटारसायकलवर 18 किलोमीटरची लाईन पालथी घातली, मधला एबी स्विच (लाईन मध्येच तोडायचा खांबावरचा स्विच) खोलून अर्धी लाईन चार्ज केली. अलीकडचा तुकडा टिकला, पलीकडचा नाही. म्हणजे फॉल्ट खाण रस्त्याच्या बाजूला, एवढं कळलं. पण तो तिकडे पोचेस्तोवर ऊन पडलं होतं. तार तुटलेली नाही, फांदी टेकलेली नाही, तार खांबापासून अलग ठेवणारा इन्सुलेटर फुटलेला नाही, खांबाखाली मेलेला पक्षीही नाही. "भाऊ, काहीच नाही दिसून राहिलं," तो म्हणाला. पूर्ण लाईन चार्ज केली, टिकली. साहेबांचा निरोप आला: थंडीमुळे ट्रिपिंग, नोंद करा.

इथून माझं डोकं फिरलं. थंडीने तार आखडते, झोळ कमी होतो, ताण वाढतो, जुना जॉइंट असेल तर तुटतो. ब्रेकरचं (फॉल्ट आला की लाईन तोडणाऱ्या स्विचचं) ग्रीस घट्ट होतं, मेकॅनिझम सुस्तावतं. बॅटरीची ताकद उतरते, म्हणून थंडीत मी सेलचं व्होल्टेज रोज बघतो. पण नुसत्या थंडीने अर्थ फॉल्ट येत नाही, आणि आलाच तर तो उन्हाने बरा होत नाही. ‘हवामान’ या एका शब्दात आमच्याकडे वर्षभराची न झालेली देखभाल दडवता येते.

आणि त्या पहाटेचं खरं काम लाईन गेल्यावरच सुरू झालं होतं. आमचा 5 एम.व्ही.ए. क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर रात्रीच्या ओलिताच्या लोडवर चांगला तापलेला असतो. लोड अचानक गेला, बाहेर 9 अंश, की तेल भराभर निवतं, आकसतं, आणि कन्झर्व्हेटरमध्ये, म्हणजे वरच्या तेलाच्या टाकीत, बाहेरची हवा ओढली जाते. ती ब्रीदरमधल्या, म्हणजे हवा आत घेणाऱ्या डबीतल्या, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलमधून येते. जेल निळं असेल तोवर कोरडं, गुलाबी झालं की ओल पिऊन बसलेलं. नंतर येणारी ओल सरळ तेलात, आणि तेलाची बी.डी.व्ही., म्हणजे व्होल्टेज सोसायची ताकद, घसरली की ट्रान्सफॉर्मरचे दिवस भरले. मी त्या पहाटे टॉर्च घेऊन पहिला ब्रीदर बघितला. निम्मा गुलाबी. नवं जेल मागितलं की स्टोअरमधून "आलं की देतो". मग मी जुनंच बाहेर मोकळ्यावर चुलीवर भाजतो. त्यासाठी एक लोखंडी कढई वेगळी ठेवली आहे. ती घरात येत नाही, कारण तो निळा रंग कोबाल्टचा, पोटात जायचा नाही. मंद आचेवर हलवत राहायचं, गुलाबी दाणे हळूहळू निळे होताना बघायचे. जाळ जास्त झाला तर काळे पडतात आणि वाया जातात. या कामात मला कोणी हरवून दाखवावं.

लाईन आली म्हणून सगळे फीडर एकदम टाकता येत नाहीत, हेही बाहेर कोणाला माहीत नसतं. बहुतेक मोटारींना ऑटो स्विच लावलेले. वीज आली की फीडरवरचे सगळे पंप एकाच क्षणी उठतात आणि इनकमर पुन्हा मार खातो. ऑटो काढा म्हणून दरवर्षी सांगतो. शेतकरी म्हणतो, "मंग रातच्यानं मोटार चालू कराले तू येशील काय?" याला माझ्याकडे उत्तर नाही. एकेक फीडर टाकतो, मध्ये अँपिअरचा काटा खाली येऊ देतो.

दुसऱ्या दिवशी, ड्युटी नसताना, मी लाईनमनला म्हटलं, आज ट्रिप व्हायच्या आधी जाऊ, आणि टॉर्च लावायचा नाही. त्याला वाटलं माझं काहीतरी बिनसलं आहे. पण आला. साडेतीनला आम्ही खाण रस्त्याच्या वळणावर होतो.

तिथली हवा सांगितली पाहिजे. उत्तरेचा वारा सुटला त्या दुपारी हवा स्वच्छ झाली होती, लांबचे डोंगर दिसत होते. पण रात्री वारा पडला की उलटं होतं. निरभ्र आभाळाखाली जमीन झपाट्याने निवते, तिला लागून असलेली हवा गार आणि जड होते, वर त्यापेक्षा उबदार थर झाकण घालतो. वीटभट्टीचा धूर काही उंचीवर जाऊन तिथेच आडवा पसरला होता. कोळशाच्या ढिगात आपोआप लागणाऱ्या आगीचा गंधकाचा वास नाकात जात होता. ओल्या जमिनीतली वाफ आणि नाल्यावरचं धुकं त्यात मिसळलेलं. गंधकाचा धूर धुक्याच्या थेंबात विरघळला की आम्ल होतो, आणि शेणखत-युरियातून सुटलेला अमोनिया त्याला भेटला की त्याचे क्षार बनतात. हे क्षार ओल धरून ठेवतात आणि ओले झाले की वीज वाहू देतात. घसा खवखवला की आपण खाकरून मोकळे होतो. इन्सुलेटरला ती सोय नाही.

एक खांब, दुसरा, काही नाही. मग लाईनमननेच माझा हात धरला. "भाऊ, आइका." चर्र-चर्र असा बारीक आवाज. वर बघितलं तर मधल्या फेजच्या (तारेच्या) पिन इन्सुलेटरवर जांभळट ठिणग्या रांगत होत्या. एका घडीवर पेटायच्या, विझायच्या, दुसरीकडे उमटायच्या. ओल्या थरातून गळणारा करंट स्वतःच्या उष्णतेने एक पट्टा वाळवतो. मग तार आणि जमीन यांच्यातला 19 के.व्ही.चा सगळा दाब त्या अरुंद कोरड्या पट्ट्यावर येतो आणि तिथे ठिणगी उडते. धुकं दाट होत गेलं तशा ठिणग्या लांबल्या, एकमेकींना भेटायला लागल्या. मी लाईनमनला मागे ओढलं. थोड्याच वेळात एक पांढरा लखलखाट, फाडकन आवाज, आणि सगळीकडे काळोख. साडेचारला दहा मिनिटं होती. दूर गावातली कुत्री भुंकायला लागली आणि माझा फोन वाजला. ड्युटीवरचा जोडीदार विचारत होता, "कुठून गेली, कळलं का?" आता सांगता येत होतं.

लाईन बंद ठेवायचं परमिट घेऊन, अर्थिंग करून सकाळी इन्सुलेटर उतरवला. वरून काळाकुट्ट, कोळशाच्या धुळीचा. मी तोच गुन्हेगार समजत होतो. बोटाने पुसला तर काळं सहज निघालं, आणि खाली राखाडी पापुद्रा, सुरीने खरवडावा लागला असा टणक. त्या वळणावर राखेच्या विटांसाठी फ्लाय ॲशचे ट्रक हळू होतात, गचका बसतो, राख उडते. राखेत थोडा चुना असतो. भुरभुरीत भिजली की बसते आणि घट्ट होते. धो-धो पाऊस पडला असता तर वरचं तरी धुऊन गेलं असतं. भुरभुरीने फक्त भिजवलं, धुतलं नाही. म्हणजे काळी धूळ दिसायला भयंकर, पण पाण्यात न विरघळणारी. घात केला तो खालच्या, कोणाला न दिसणाऱ्या थराने.

उपकेंद्रात आणून मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजायचं यंत्र) लावला. कोरडा असताना काटा इन्फिनिटीवर. बाटलीने पाणी फवारलं, काटा धाडकन खाली. वाळू दिला, पुन्हा इन्फिनिटी. साहेबांना बोलावून त्यांच्यासमोर करून दाखवलं. ते बघत राहिले आणि म्हणाले, "बरं, पण रिपोर्टमध्ये काय लिहायचं?" माणूस वाईट नाही. त्यालाही वर उत्तर द्यावं लागतं, आणि वरच्या फॉर्ममध्ये राखेसाठी रकाना नाही.

माझा राग दुसऱ्या गोष्टीवर आहे. इन्सुलेटरच्या पृष्ठभागावरून वरच्या टोकापासून खालपर्यंत जेवढं अंतर वीज चालून जाते, ते प्रदूषणाप्रमाणे ठरवायचं असतं. जास्त प्रदूषणाला दर के.व्ही.ला 25 मिलिमीटर, फारच जास्त असेल तर 31. 33 च्या लाईनला हा हिशेब 36 के.व्ही. धरून करतात. म्हणजे कमीत कमी 900 मिलिमीटर. आमच्या वळणावर लागलेले 580 चे, स्वच्छ हवेच्या गावासाठी बनलेले. लाईन उभी राहिली तेव्हा तिथे शेतं होती, मान्य. खाण आली, रस्ता आला, राखेचे ट्रक आले, इन्सुलेटर तेच राहिले.

एक गोष्ट मात्र अजून जुळत नाही. त्याच्या पुढचे खांबही तेवढेच माखलेले, तेही 580 चेच, मग ठिणग्या याच एकावर का? लाईनमनचं म्हणणं, ट्रकचा गचका नेमका त्याच्याखाली. मला वाटतं, त्याच्या बाजूला नाल्याचा उतार आहे, गार हवा तिथे साचते आणि धुकं आधी तिथे दाटतं. दोघांचंही खरं असेल. तपासायला वेळ मिळाला नाही, कारण पुढच्या दोन रात्रींत कोरडी हवा पुरती बसली, पारा आणखी उतरला आणि धुकं गेलं. ज्या रात्री सगळ्यात जास्त थंडी होती त्या रात्री एकही ट्रिपिंग नाही. मी लॉगशीटची ती दोन पानं शेजारी ठेवून साहेबांना दाखवली.

रिपोर्टमध्ये शेवटी ‘थंडी व धुके’ गेलं. निम्मं तरी बरोबर आहे. तो इन्सुलेटर बदलून 900 चा लागला, स्टोअरमध्ये होता तेवढा एकच. बाकीच्यांची मागणी लिहून दिली आहे. तोवर निदान पुसून घ्यायला वळणावरच्या खांबांसाठी शटडाऊन मागितला, तर कळलं की ओलिताचे दिवस आहेत, मार्चनंतर बघू. मार्चनंतर धुकं नसतं.