झोपेत बोलणारी राणी

शाळेच्या महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी लिही म्हणून ग्रुपवर मेसेज आला तोवर सहली, गॅदरिंग आणि खाल्लेला मार हे सगळे विषय बाकीच्यांनी पटकावले होते, म्हणून मी इंग्रजीच्या बाईंच्या एका ऑफ पिरियडबद्दल लिहितोय. सिलॅबसमध्ये नसलेला शेक्सपिअरचा ‘मॅकबेथ’ त्यांनी काढला, पाचव्या अंकाचा पहिला प्रवेश, लेडी मॅकबेथ, म्हणजे नवऱ्याला राजाचा खून करायला लावून राणी झालेली, झोपेत चालते तो.

पण बाई हुशार, आधी त्यांनी तिची जुनी भाषणं वाचली. तेव्हा ती अंधाऱ्या रात्रीला ये म्हणून बोलावते, आणि राजाचा खून झाल्यावर नवऱ्याला सांगते की थोडं पाणी घेतलं की झालं, हात स्वच्छ. सगळं ठेक्यात, वृत्तात, एकदम रुबाबदार. आणि मग एकदम हा प्रवेश, इथे वृत्तच गायब! साधं गद्य, तेही तुकड्यातुकड्यात. डाग जा म्हणते, मग एक, दोन असं मोजते, मग नरकात काळोख आहे म्हणते, मधेच म्हाताऱ्याच्या (म्हणजे त्या मारलेल्या राजाच्या) अंगात इतकं रक्त असेल असं कुणाला वाटलं होतं, आणि लगेच फाइफच्या सरदाराला बायको होती ती कुठे गेली (तिलाही मॅकबेथनेच मारवलेलं), हे तर चक्क बडबडगीतासारखं यमकात येतं, मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटली होती. काळाचाही पार गोंधळ, म्हणजे बँकोला (नवऱ्याने नंतर मारवलेला त्याचा मित्र) पुरलंय असं सांगून झाल्यावर तिला दारावरची थाप ऐकू येते, जी पहिल्या खुनाच्या रात्रीची आहे.

अख्ख्या प्रवेशात भूत नाही, विजा नाहीत, तिला पश्चात्ताप झालाय असं तीसुद्धा म्हणत नाही. डॉक्टर आणि दासी आडून ऐकतात, तिला कायम जवळ दिवा लागतो हे दासीकडून कळतं (हीच का ती अंधाराला बोलावणारी?), डॉक्टर तर तिचं बोलणं लिहून घेतो. ती निघून गेल्यावर डॉक्टरचं शेवटचं भाषण परत वृत्तात येतं, म्हणजे जाग्या माणसांची भाषा जागेवर आली, फक्त तिची येत नाही, कारण त्यानंतर ती स्टेजवर दिसतच नाही, थेट मेल्याची बातमी येते.

महोत्सवाच्या गॅदरिंगला कुणी हा प्रवेश बसवणार असेल तर प्लीज तिला केस मोकळे सोडून किंचाळायला लावू नका, आणि मागे ते ढॅण ढॅण म्युझिकही नको. वाक्यं जशी तुटतात तशीच तुटू द्या, मधल्या गॅपसकट.