टँकरच्या पाण्यात पिंटो बीन्स मऊ शिजवायचे म्हणजे... माझा अनुभव

आमच्याकडे घोडबंदर रोडला पाणी दोन तऱ्हेचं येतं, एक महापालिकेचं आणि दुसरं टँकरचं, आणि आज नळाला कुठलं आलंय ते कडधान्य शिजायला टाकलं की लगेच कळतं. मूग-मटकी फार त्रास देत नाहीत, चवळीही निभावून नेते, पण राजम्याच्या जातीचा दाणा असला की झालं, दोन-दोन तास गॅस जाळा, साल चिवट ती चिवटच आणि आतून चरबट. पिंटो बीन्सच्या निमित्ताने मी हे सगळं मुळापासून शोधून काढलं आणि आता आमच्याकडे ते अगदी लोण्यासारखे होतात, म्हणून जसं आठवेल तसं लिहितेय, इकडे ठाण्या-नवी मुंबईत बऱ्याच सोसायट्यांची पाण्याची कथा सारखीच आहे तर कुणाला तरी उपयोग होईल.

पिंटोच का, तर माझी मोठी नणंद टेक्सासला सॅन अँटोनियोत असते. तिकडे आणि खाली मेक्सिकोत हे बीन्स म्हणजे आपल्याकडच्या वरणाच्या जागी, रोजचे. नुसते पाण्यात कांदा-लसूण घालून शिजवायचे, त्यांचाच दाटसर रस्सा, सोबत टॉर्टिया, म्हणजे तिकडची पातळ पोळी. फ्रिहोलेस दे ला ओया म्हणतात, पातेल्यातले बीन्स. ताई सुट्टीला आल्या तेव्हा त्यांनी करून घातले होते आणि मला तो रस्सा इतका आवडला, ना गरम मसाला ना टोमॅटो ना क्रीम आणि तरी चव भरपूर, की आपल्याला हे जमलंच पाहिजे असं मी मनाशी ठरवूनच टाकलं.

दाणा दिसायला फिकट बदामी, त्यावर तपकिरी शिंतोडे. शिजला की शिंतोडे जातात आणि सगळा दाणा गुलाबीसर तपकिरी होतो. मॉलमध्ये आयात केलेलं पाकीट मिळतं पण महाग पडतं. आपला चित्रा राजमा जो कुठल्याही वाण्याकडे असतो तो याच जातीचा, शास्त्रीय नाव फेसिओलस व्हल्गारिस, त्यामुळे पद्धत तंतोतंत तीच चालते, मी दोन्ही करते आणि खरं सांगायचं तर एरवी घरी चित्राच जास्त होतो.

तर ताई गेल्यावर मी करायला घेतले. त्यांनी सांगितलं होतं रात्री भिजवायचे आणि सकाळी मंद आचेवर दीड तास, फार तर दोन. माझे दोन तासांनीही दाताखाली कचकच. व्हिडिओ कॉलवर दाखवले तर ताई म्हणाल्या, "अगं, आमच्याकडे कोलोरॅडोला राहायला गेलेल्यांचं असं होतं, उंचीवर पाणी लवकर उकळतं ना." ते बरोबरच आहे, तिथलं डेन्व्हर शहर १६०० मीटरवर आहे, तिथे पाणी साधारण ९५ अंशालाच उकळतं म्हणून दाणा शिजायला वेळ लागतो. पण ठाणं तर खाडीकाठी, इथे पाणी पूर्ण १०० अंशाला उकळतं, म्हणजे उंचीचा प्रश्नच नाही. मग उरलं काय? पाणी आणि दाणा.

पाण्याचा संशय मला आधीपासून होता कारण टँकर आला की साबणाला फेस येत नाही, बाथरूमच्या नळांवर पांढरे थर बसतात आणि गीझरवाला दरवेळी कॉइल काढून दाखवतो. ऑनलाइन पाणी तपासायच्या पट्ट्या मिळतात त्या मागवल्या. टँकरच्या पाण्यात पट्टी बुडवली तर रंग थेट शेवटच्या घरात, ४०० च्या पुढे. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात जडपणा, म्हणजे पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम-मॅग्नेशियम, लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत ठीक आणि दुसरं पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्या असं आहे, म्हणजे प्यायला बेकायदेशीर वगैरे काही नाही, पण दाण्याला ते झेपत नाही.

यामागचं कारण समजलं तेव्हा मला फार बरं वाटलं. दाण्याच्या पेशी एकमेकींना धरून ठेवणारं जे पेक्टिन असतं ते शिजताना विरघळतं म्हणून दाणा मऊ होतो. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम त्या पेक्टिनला जाऊन चिकटतं आणि त्याला आणखी घट्ट बांधून टाकतं, मग तुम्ही कितीही उकळा, ते सुटत नाही. म्हणजे गॅस वाढवून किंवा शिट्ट्या वाढवून हा प्रश्न सुटणारा नव्हताच.

खात्री करायला मी एकाच पाकिटातले बीन्स दोन वाडग्यांत भिजवले, एकात टँकरचं पाणी आणि दुसऱ्यात आरओचं. सकाळी दोन छोट्या पातेल्यांत शेजारी शेजारी शिजत ठेवले, आच सारखी, झाकण सारखं. तासाभराने आरओवाल्यातला दाणा बोटांत धरला तर सहज चेपला गेला, आत पिठूळ, एकसारखा. टँकरवाल्यातला दाणा बाहेरून फुगलेला आणि दिसायला अगदी झालेला, पण चेपला तर साल सरकून बाजूला आणि आतला गर दोन फाकांत तुटला, मधे पांढरट रेघ. सासूबाई बाजूलाच भाजी निवडत होत्या, त्यांनी दोन्ही दाणे चावून बघितले आणि म्हणाल्या, "दाणाच गणंग, शिजतच नाही, म्हणून आम्ही वाण्याला बोल लावायचो, तर हे पाण्याचं होय."

तेव्हापासून आमच्याकडे कडधान्य भिजवायला आणि शिजवायला दोन्हीला आरओचं पाणी. नुसतं भिजवायला चांगलं पाणी आणि शिजवायला नळाचं असं करून भागत नाही, दोन्ही वेळेला दाणा ते पाणी पितो. ज्यांच्याकडे आरओ नाही त्यांनी महापालिकेचं पाणी येतं त्या वेळेला कडधान्यापुरतं वेगळं भरून ठेवावं.

वाण्याला बोल लावायचा तो मात्र अगदीच चुकीचा नाही हं. जुना दाणा, त्यातून गरम आणि दमट हवेत पडून राहिलेला, कुठल्याच पाण्यात मऊ होत नाही. आणि आपल्या हवेपेक्षा गरम दमट दुसरं काय असणार, एक पावसाळा गोणीत काढला की दाण्याच्या आतच बदल होतात आणि मग उन्हात वाळवून किंवा जास्त भिजवून ते मागे फिरत नाहीत. पिंटोचं आणि चित्राचं एक बरं आहे, वय रंगावर दिसतं. ताजा दाणा क्रीम रंगाचा असतो, जसजसा जुना होतो तसतसा काळपट तपकिरी पडत जातो. मी जांभळी नाक्याच्या बाजारात जाते तेव्हा मूठभर तळहातावर घेऊन उजेडात बघते, फिकट असेल तर घेते आणि दोन महिन्यांपुरतंच घेते, घट्ट झाकणाच्या डब्यात. वर्षाचं भरून ठेवायचं धान्य हे नव्हे, निदान आपल्या हवेत तरी नाही.

आता मिठाचं. सासूबाईंचं पहिल्यापासून एकच, "मीठ आधी घालू नकोस गं, दाणा दाठरतो." आईकडेही हेच ऐकत आले. पण ताईंच्या सासरी भिजवायच्या पाण्यातच मीठ घालतात आणि त्यांचे बीन्स तर मऊसूत, साल न फुटलेली. शोधलं तर कळलं की मिठातलं सोडियम सालीतल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमची जागा घेतं आणि साल नरम पडते, म्हणजे टँकरचं पाणी जे बिघडवतं त्याच्या बरोब्बर उलट काम. आणि मीठ आतपर्यंत मुरतं त्यामुळे दाण्याला स्वतःची चव येते, नाहीतर रस्सा खारट आणि दाणा अळणी असं होतं. माझं प्रमाण पाव किलो बीन्सला दोन लिटर पाणी आणि दीड मोठा चमचा मीठ, आठ ते बारा तास. एप्रिल-मेमध्ये ओट्यावर ठेवायचे नाहीत, फेस येऊन आंबूस वास मारतो, सरळ फ्रीजमध्ये ठेवायचे. सकाळी ते पाणी ओतून द्यायचं, दाणे धुवून घ्यायचे. पोटात वारा धरायला लावणाऱ्या ज्या साखरा असतात त्यातल्या काही त्या पाण्याबरोबर जातात, आणि जास्तीचं मीठही जातं.

सासूबाईंचं दाठरण्याचं म्हणणं आंबटाच्या बाबतीत मात्र शंभर टक्के खरं आहे. टोमॅटो, चिंच, आमसूल, लिंबू, काहीही दाणा शिजायच्या आधी पडलं की तो तिथेच थांबतो, आंबटात पेक्टिन विरघळत नाही. आपल्याकडे बऱ्याच घरी राजमा करताना कांदा-टोमॅटोची ग्रेव्ही आणि भिजलेला राजमा एकदमच कुकरला लावतात आणि मग राजमा कडक राहिला म्हणून मीठाला दोष. त्यामुळे आमच्या घरचा नियम आता असा झालाय, मीठ आधी, आंबट शेवटी, आणि तो सासूबाईंनाही पटलाय.

खायच्या सोड्याबद्दल विचाराल तर चालतो, चिमूटभर, आणि नाइलाज असेल तरच. सोड्याने पेक्टिन भराभर सुटतं हे खरं, पण जरा जास्त झाला की साबणासारखी चव येते, साली निघून सगळा गिचका होतो आणि बी-वन जीवनसत्त्व जातं ते वेगळंच. पाणी चांगलं असेल तर गरजच नाही.

शिजवण्याचं. सुट्टीच्या दिवशी मी पातेल्यातच करते. बीन्सच्या वर तीन बोटं आरओचं पाणी, एक अख्खा कांदा दोन भाग करून, लसणाचा गड्डा आडवा कापून तसाच, दोन तमालपत्रं, एक सुकी बेडगी मिरची, दोन चमचे तेल, थोडं मीठ. आधी मोठ्या आचेवर १० मिनिटं खळखळून उकळी आलीच पाहिजे, मी १५ ठेवते. हे चवीसाठी नाही. राजम्याच्या जातीत लेक्टिन नावाचं एक प्रथिन असतं, लाल राजम्यात सगळ्यात जास्त, पिंटोत कमी पण असतंच, आणि ते कच्चट राहिलं तर उलट्या-जुलाब होतात. इलेक्ट्रिक स्लो कुकर कमी तापमानावर चालतो म्हणून भिजवलेले बीन्स थेट त्यात टाकायचे नाहीत, हे ताईंनी मला अगदी बजावून सांगितलंय. उकळीनंतर गॅस बारीक करायचा, इतका बारीक की पाण्यावर अधूनमधून एखादाच बुडबुडा यावा. दाणे एकमेकांवर आपटले नाहीत की सालीसकट अखंड राहतात. झाकण थोडं सरकवून ठेवायचं. पाणी आटलं तर उकळतंच घालायचं.

झाले की नाही ते बघायला ताईंनी शिकवलेली युक्ती मला फार आवडते. चमच्यावर दोन-तीन दाणे घ्यायचे आणि जोरात फुंकर मारायची, साल सुरकुतून कडेला सुटली की जवळ आलेत. मग चार-पाच वेगवेगळ्या जागचे दाणे चावून बघायचे, एकावर विश्वास नाही. सगळेच्या सगळे पिठूळ लागले तरच गॅस बंद.

ऑफिसच्या दिवशी कुकर. भांडं निम्म्याच्या वर भरायचं नाही कारण बीन्सचा फेस शिट्टीत जाऊन अडकतो, तेलाचे दोन चमचे त्यासाठीही लागतात. मोठ्या आचेवर एक शिट्टी, मग गॅस बारीक करून १२ ते १५ मिनिटं, आणि वाफ आपोआप जिरू द्यायची. चमच्याने शिट्टी उचलून वाफ काढली की आतलं पाणी एकदम उसळून उकळतं आणि साली फाटतात. कुकरमधले मऊ होतात पण रस्सा पातेल्याइतका दाट होत नाही, मग झाकण काढून १५ मिनिटं तसेच उकळत ठेवते.

आणि कृपा करून तो रस्सा फेकू नका! भिजवलेलं पाणी टाकायचं, शिजवलेलं नाही. सगळी चव त्यातच उतरलेली असते. कांदा, तमालपत्र काढून टाकायचं, लसूण सालीतून पिळून रस्स्यात घालायचा, तो इतका शिजलेला असतो की नुसता विरघळतो. डावभर बीन्स पातेल्याच्या कडेला दाबून चेचायचे आणि ढवळायचे, दहा मिनिटांत रस्सा चमच्याला धरायला लागतो. गॅस बंद करून अर्धा तास तरी त्याच रस्स्यात मुरू द्यायचे. मग थोडं जिरं भाजून कुटून, कोथिंबीर, वरून लिंबू. टेक्सासमध्ये यात डुकराच्या मांसाचा धुरकट तुकडा घालतात, आमच्याकडे ते चालत नाही तर मी कधीतरी छोट्या वाटीत पेटता कोळसा ठेवून त्यावर तूप सोडते आणि पाच मिनिटं झाकते, मुलांना तेवढंच जास्त आवडतं. सासूबाई मात्र त्यावर हिंग, लसूण आणि लाल तिखटाची फोडणी ओततात आणि ज्वारीच्या भाकरीबरोबर खातात आणि मला विचाराल तर टॉर्टियापेक्षा भाकरीच जास्त चांगली लागते, तो रस्सा भाकरीत जसा मुरतो तसा टॉर्टियात नाही मुरत.

उरलेले रस्स्यासकट डब्यात भरून फ्रीजमध्ये तीन-चार दिवस आरामात राहतात, दुसऱ्या दिवशी तर आणखी छान लागतात. कोरडे काढून ठेवले तर साली सुकून तडकतात म्हणून नेहमी रस्स्यात बुडलेलेच ठेवायचे. फ्रीझरला टाकायचे असतील तर डबा काठोकाठ भरू नका, रस्सा गोठला की फुगतो. आणि अगदी वाटीभरच उरले तर कढईत तेलावर कांदा परतून त्यात बीन्स घालून मॅशरने चेचत परतायचे, घट्टसर झाले की पोळीला लावून मुलांच्या डब्याला रोल.