ड्रॅगनची कातडी आणि फ्रोडोचं हरणं

सी. एस. लुईसच्या नार्निया या मुलांच्या फँटसी पुस्तकांचा विषय निघाला की पहिल्या दोन मिनिटांत कोणीतरी सांगतंच, की अरे तो सिंह म्हणजे येशू ख्रिस्त. आणि मग चर्चा तिथेच संपते, कोडं सुटलं, झालं. मला हे फार खटकतं. चूक आहे असं नाही, लुईसनं ते कधी लपवलंही नाही, पण कोण कोणाचं प्रतीक हे कळलं म्हणजे गोष्ट कळली असं होत नाही ना. या फँटसी कथांमध्ये नेमकं ख्रिस्ती काय आहे, याचं उत्तर मला पात्रांच्या जोड्या लावण्यात सापडत नाही. ते सापडतं ऐन मोक्याच्या क्षणी हिरोचं काय होतं त्यात. कारण साहसकथेचा ठरलेला नियम म्हणजे हिरोनं शेवटी स्वतःच्या हिमतीवर जिंकायचं, आणि या कथांमध्ये नेमकं तेच होत नाही. त्याची ताकद संपते आणि मग कुठूनतरी मदत येते, जी त्यानं कमावलेली नसते. ख्रिस्ती श्रद्धेत हिला कृपा म्हणतात.

सुरुवात जॉन बन्यनपासून करावी लागेल, कारण इंग्रजीतली ख्रिस्ती रूपककथा म्हटलं की सगळे त्याच्यापाशीच येतात. परवानगीशिवाय प्रवचनं दिली म्हणून हा माणूस बेडफर्डच्या तुरुंगात बारा वर्षं होता, आणि 1678 मध्ये त्याचं ‘पिलग्रिम्स प्रोग्रेस’ आलं. ही अगदी उघड रूपककथा, म्हणजेच अ‍ॅलेगरी. नायकाचं नावच ख्रिश्चन, वाटेत निराशेची दलदल, बाजार आहे तो पोकळ डामडौलाचा, राक्षसाचं नाव नैराश्य आणि त्याच्या किल्ल्याचं नाव संशय. काहीजणांना हे फार बाळबोध वाटतं पण मला नाही वाटत. ख्रिश्चनच्या पाठीवर पापाचं ओझं असतं, तो ते वाहत वाहत वधस्तंभापाशी येतो आणि ते ओझं आपोआप सुटतं, घरंगळत जाऊन थडग्यात पडतं, दिसेनासं होतं. तो ते काढत नाही, ते पडतं. आणि संशयाच्या किल्ल्यात तो नि त्याचा सोबती बुधवारपासून शनिवारपर्यंत अंधारकोठडीत उपाशी, मार खात पडलेले असतात, आणि पहाटेकडे त्याला एकदम आठवतं की वचन नावाची किल्ली सगळा वेळ आपल्या छातीशीच होती. नावं कितीही सरधोपट असू देत, ज्यानं खरंच तुरुंग भोगलाय त्यानं लिहिलेली ही पानं आहेत आणि ते जाणवतं.

आता लुईस. हा माणूस अ‍ॅलेगरीचा पक्का अभ्यासक, मध्ययुगीन प्रेमकाव्यातल्या अ‍ॅलेगरीवर त्याचं 1936 चं पुस्तक आजही वाचलं जातं. म्हणून तो जेव्हा म्हणतो की नार्निया ही अ‍ॅलेगरी नाही, तेव्हा ते उगाच बोलायचं म्हणून नसतं. 1958 च्या एका पत्रात त्यानं बन्यनच्याच त्या नैराश्य राक्षसाचं उदाहरण दिलंय. राक्षस म्हणजे नैराश्याला दिलेला देह, तसा नार्नियातला सिंह अस्लान कशाला दिलेला देह नाही. समजा नार्नियासारखं जग खरंच असतं, तेही बिघडलं असतं, आणि देवाच्या पुत्रानं आपल्या जगात केलं तसंच तिथेही अवतार घेऊन मरण पत्करून पुन्हा उठायचं ठरवलं असतं, तर काय घडलं असतं? ही कल्पना करून बघणं म्हणजे नार्निया. आणि म्हणूनच 1950 च्या पहिल्या पुस्तकात, ‘द लायन, द विच अँड द वॉर्डरोब’मध्ये, दगडी मेजावरचा प्रसंग इतका अंगावर येतो. एडमंडनं मिठाईपायी भावंडांना दगा दिला, जुन्या नियमानं गद्दाराचा जीव चेटकिणीचा, आणि अस्लान त्याच्या जागी स्वतःला देतो. ते त्याची आयाळ कापतात, तोंड बांधतात, टिंगल करतात, दोन मुली लपून बघतायत, आणि नंतर छोटे छोटे उंदीर येऊन त्याच्या अंगावरचे दोर कुरतडतात. शुभवर्तमानात उंदीर कुठेच नाहीत! पण त्या उंदरांमुळेच ते नार्नियातलं मरण वाटतं, कशाची तरी नक्कल वाटत नाही.

तरी माझ्यासाठी खरा प्रसंग वेगळाच आहे, आणि तो 1952 च्या ‘व्हॉयेज ऑफ द डॉन ट्रेडर’मधला. युस्टेस नावाचा एक किरकिऱ्या, आपमतलबी पोरगा ड्रॅगनच्या खजिन्यावर मनात लोभ घेऊन झोपतो आणि उठतो तेव्हा स्वतःच ड्रॅगन झालेला असतो, दंडावर घातलेलं सोन्याचं कडं आता पायात रुतून ठणकतंय. मग एका रात्री सिंह येतो, त्याला डोंगरावरच्या बागेतल्या मोठ्या विहिरीपाशी नेतो, संगमरवरी पायऱ्या असलेली. पाण्यात उतरलं तर पाय शांत होईल असं युस्टेसला वाटतं, पण आधी कपडे काढ असं त्याला सांगितलं जातं, आणि ड्रॅगनचे कपडे म्हणजे कातडीच की. मग तो ओरबाडतो, खवले गळतात, अख्खी कातडी निघून बाजूला पडते, त्याला मोकळं वाटतं, आणि पाण्यात पाय घालायला जातो तर खाली तशीच राठ खवल्यांची कातडी. परत सोलतो, परत तेच. तिसऱ्यांदाही तेच. तेव्हा सिंह म्हणतो, ते मला करू दे. युस्टेस भीतभीत पाठीवर पडून राहतो आणि पहिलाच ओरखडा इतका खोल जातो की काळजापर्यंत गेला असं वाटतं. मग सिंह त्याला उचलून पाण्यात टाकतो, क्षणभर झोंबतं, आणि मग बघतो तर तो पुन्हा मुलगा झालेला.

बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती होतानाचा पाण्याचा संस्कार आहे हा, ओळखणाऱ्याला लगेच ओळखू येतो. पण ज्याला बाप्तिस्म्याचं ओ की ठो माहीत नाही त्या वाचकालाही यातलं सगळं पोचतं. आपण बदलायचं ठरवतो, वरची एक कातडी निघते, आपण खूश, आणि खाली तेच. हे प्रत्येकाला माहितीये. आणि लुईसचा प्रामाणिकपणा बघा, यानंतर युस्टेस एकदम गुणी बाळ झाला असं तो लिहीत नाही, अधूनमधून तो पूर्वीसारखा वागायचा असंच लिहितो, फक्त बरं व्हायला सुरुवात झाली होती. हे एवढं एक वाक्य उपदेशाच्या शंभर पानांना भारी आहे असं मला मनापासून वाटतं. दुसऱ्या दिवशी त्याचं ऐकून घ्यायला नेमका एडमंडच असतो, आणि तो म्हणतो तू नुसता गाढव होतास रे, मी गद्दार होतो.

‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहिणाऱ्या टोल्किनचा मामला वेगळा. तो आणि मित्र ह्यूगो डायसन यांच्याबरोबर सप्टेंबर 1931 मध्ये रात्री उशिरापर्यंत झालेल्या बोलण्यानंतरच लुईस ख्रिस्ताकडे वळला, पण स्वतः टोल्किनला अ‍ॅलेगरीचा तिटकारा होता, ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्यानं ते स्पष्टच लिहिलंय. तरी 1953 मध्ये एका धर्मगुरू मित्राला लिहिलेल्या पत्रात तोच म्हणतो की हे पुस्तक मुळात धार्मिक आणि कॅथलिक आहे. यात विरोधाभास वाटतो पण नाहीये. त्याच्या कथेत चर्च नाही, उपासना जवळजवळ नाही, सगळं आत मुरलेलं आहे. जिच्यासाठी सगळी कथा घडते ती दुष्ट ताकदीची अंगठी नष्ट होते ती तारीख 25 मार्च, म्हणजे येशूची आई मरीया हिला देवदूताचा निरोप मिळाल्याचा सणाचा दिवस, आणि मध्ययुगीन परंपरेत वधस्तंभाचाही तोच दिवस मानलेला. परिशिष्टात नुसती तारीख येते, स्पष्टीकरण काही नाही.

आणि त्या 25 मार्चला काय होतं, तर अंगठी नष्ट करायला निघालेला नायक फ्रोडो हरतो. एवढं सगळं सोसून तो ज्वालामुखीच्या काठावर पोचतो आणि अंगठी टाकत नाही, ती माझी म्हणून बोटात घालतो. जग वाचतं ते गॉलममुळे, अंगठीच्या लोभानं झपाटलेला हा जीव ती फ्रोडोकडून हिसकावतो आणि तिच्यासकट आगीत पडतो, आणि गॉलम जिवंत असतो तो केवळ आधी अंगठी जवळ असलेल्या बिल्बोनं, मग फ्रोडोनं आणि शेवटी तर त्याचा सोबती सॅमनंसुद्धा त्याला मारायची संधी असताना दया दाखवली म्हणून. टोल्किननं याबद्दल पत्रांतून बरंच लिहिलंय आणि तिथे येशूनं शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेचा संदर्भ येतो, आम्हाला परीक्षेत आणू नको, वाइटापासून सोडव. फ्रोडोच्या आवाक्याबाहेरची परीक्षा होती ती. काही लोक म्हणतात हा शेवट म्हणजे लेखकानं घेतलेली पळवाट, निव्वळ योगायोग. पण पुस्तकाच्या दुसऱ्या प्रकरणातच जादूगार गँडाल्फ सांगून ठेवतो की बिल्बोच्या त्या दयेवर कित्येकांचं नशीब ठरू शकतं. मग योगायोग कसला?

आता जिथे हे जमत नाही ते पण बोललं पाहिजे. नार्नियाचं शेवटचं पुस्तक, 1956 चं ‘द लास्ट बॅटल’, मुलांच्या पुस्तकांसाठीचं कार्नेगी मेडल मिळालेलं. तिथे एडमंडची बहीण सूझनला नायलॉनचे मोजे, लिपस्टिक आणि पार्ट्यांची आमंत्रणं यापायी नार्नियाची मैत्रीण राहिली नाही असं म्हणून चार ओळींत बाहेर ठेवलंय, आणि हे मला आजही पटत नाही. ज्या मुलीनं दगडी मेजापाशी रात्रभर रडून काढली तिच्याबद्दल असं? लुईसनं नंतर एका मुलाला पत्रात लिहिलं होतं की तिला सुधारायला अजून भरपूर वेळ आहे, पण ते पत्रात, पुस्तकात नाही. इथे कोण आत आणि कोण बाहेर हा हिशोब कथेपेक्षा मोठा झाला. गंमत म्हणजे त्याच पुस्तकात एमेथ आहे, आयुष्यभर दुसऱ्याच देवाची मनापासून भक्ती केलेला शत्रूकडचा सैनिक, आणि अस्लान त्याला म्हणतो तू केलेली सेवा मी माझीच धरतो. दोन्ही एकाच लेखकाचं, एकाच पुस्तकातलं, आणि मी एमेथच्या बाजूनं आहे.

वाचायला घेणार असाल तर हल्लीच्या संचांवर छापलेल्या क्रमानं जाऊ नका, त्यात 1955 चं ‘द मॅजिशियन्स नेफ्यू’ पहिलं टाकलेलं असतं आणि मग अस्लान कोण हे गूढच राहत नाही. 1950 च्या पुस्तकापासून सुरू करा. सातही वाचायला वेळ नसेल तर ते झाल्यावर थेट ‘डॉन ट्रेडर’ घ्या, आणि त्यातलं सातवं प्रकरण शक्यतो मोठ्यानं वाचा.