स्टार्टरला अर्थिंग आहे, तरी झटका का बसतो?

रावेर-यावलकडच्या केळीच्या बागांत मोटरच्या शेडखाली बहुतेक ठिकाणी सारखीच मांडणी असते. अँगलवर स्टार्टरची पेटी, हाताच्या अंतरावर ठिबकचा लोखंडी सँड फिल्टर, मधे एचडीपीई पाइप. अर्थिंग फक्त पेटीला. प्लास्टिकच्या पाइपमुळे फिल्टर सुटाच राहतो. फेज, म्हणजे विजेची जिवंत तार, पेटीच्या बॉडीला लागली की पेटीवर व्होल्टेज चढतं, फिल्टरवर नाही. बॅकवॉश करताना, म्हणजे उलट पाणी सोडून फिल्टर धुताना, एक हात व्हॉल्व्हवर असताना दुसरा पेटीच्या बटणावर गेला, की करंट सरळ छातीतून जातो.

‘एमसीबी (जादा करंटला आपोआप पडणारा स्विच) पडेल ना’ हा हिशोब कच्चा आहे. वैशाखात काळी माती भेगाळून अर्थिंगच्या रॉडपासून सुटते. अर्थिंगचा रोध 20 ओहमच धरला तरी 230 व्होल्टला 11.5 अँपिअर वाहतात. 16 अँपिअरची एमसीबी ढिम्म हलत नाही.

म्हणून हाताच्या टप्प्यातलं सगळं लोखंड एकमेकांना जोडायचं: पेटी, अँगल, पत्र्याची शेड, फिल्टर, बोअरचा लोखंडी पाइप. त्यासाठी 25×3 मिमीची जीआय पट्टी किंवा 6 चौरस मिमीची हिरवी-पिवळी तांब्याची वायर घ्या. शेडचा वेगळा रॉड असेल तर तोही यालाच जोडा.

काम फसतं ते जोडावर. रंगावरच लग (वायरच्या टोकाचा धातूचा कान) कसतात. रंग खरवडून धातू चकचकीत करा, टिनचा मुलामा असलेला लग वायरवर दाबून क्रिंप करा, दातेरी वॉशर घाला आणि कसून झाल्यावर वरून ग्रीस लावा. खताचं पाणी उघडा जोड खातं. मग सप्लाय बंद करून पेटी आणि जोडलेलं प्रत्येक लोखंड यांमधला रोध मल्टिमीटरने मोजा. प्रोबचा स्वतःचा रोध वजा करून 1 ओहमच्या आत यायला हवं. नुसत्या ‘बीप’वर जाऊ नका, काही मीटर 30 ओहमलाही वाजतात.

आता खरी मेख. जोडल्यावर बिघाडात फिल्टरवरही तेच व्होल्टेज येतं, आणि माणूस ओल्या मातीत अनवाणी उभा असतो. त्यामुळे 30 मिलिअँपिअरच्या आरसीसीबीशिवाय (जमिनीत करंट गळला की सप्लाय तोडणारा स्विच) हे काम अर्धवट. सप्लायला न्यूट्रल नसेल तर त्याचं टेस्ट बटण चालावं म्हणून कंपनीच्या आकृतीप्रमाणेच जोडणी करा. सारखी ट्रिप होते म्हणून बायपास करू नका. केबल स्टार्टरपासून सोडून 500 व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासायचं मीटर) मोटर तपासा, बहुतेकदा केबलचा पाण्यातला जॉइंट गेलेला असतो.

बॉडी न्यूट्रलला बांधायची नाही. न्यूट्रल तुटला की पेटीच जिवंत होते. आणि तारेचं कुंपण यात जोडू नका, बिघाड शेजाऱ्याच्या बांधापर्यंत जाईल. ते शेडपासून अडीच मीटर लांबच बरं.