सीएच म्हणजे चायना नव्हे

बँकेत फॉरेन रेमिटन्सच्या, म्हणजे परदेशी पैसे पाठवण्याच्या, टेबलावर मला जेमतेम तीन महिने झाले होते. सकाळीच एका आयातदाराचा फोन: "मॅडम, चीनचा सप्लायर म्हणतोय पैसे आलेच नाहीत. माल सोडत नाही तो." चार दिवसांपूर्वी डॉलर पाठवले होते, खात्यातून वजाही झाले होते.

एमटी १०३ ची, म्हणजे पैसे पाठवताना बँकेने धाडलेल्या संदेशाची, प्रत काढली. फील्ड ५९ मध्ये सप्लायरचं नाव बरोबर, खाते क्रमांक अंकन् अंक बरोबर. मग नजर फील्ड ५७ए वर गेली, तिथे समोरच्या बँकेचा स्विफ्ट कोड, म्हणजे तिची जागतिक ओळख सांगणारा कोड, असायचा. पहिली चार अक्षरं बँकेची, ती चिनी बँकेचीच होती. पुढची दोन देशाची: सीएच.

शेजारच्या साहेबांनी वाकून पाहिलं. "अगं, हे स्वित्झर्लंड!"

पोटात गोळा आला. फॉर्मवर कोडाचा रकाना रिकामा होता, म्हणून यादीत बँकेचं नाव टाकून मीच कोड निवडला होता. नावं सारखी, ओळी अनेक. 'सीएच' दिसलं आणि चायना समजून क्लिक केलं. चीनचा कोड सीएन. सीएच येतं स्वित्झर्लंडच्या 'कॉन्फेडेराशिओ हेल्वेतिका' या लॅटिन नावावरून. हे मला शाळेत कोणी सांगितलं असतं तर!

सिस्टिमने का नाही अडवलं? कारण कोड खराच होता, त्याच बँकेच्या स्विस शाखेचा. आयबॅनमध्ये, म्हणजे अनेक देशांत चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय खाते क्रमांकात, दोन तपासअंक असतात, एखादा आकडा चुकला तर ९७ ने भागल्यावर लगेच कळतं. स्विफ्ट कोडात, आठ अक्षरी असो वा अकरा, तसलं काहीच नाही. शिवाय चीनमध्ये आयबॅन चालत नाही, त्यामुळे खाते क्रमांकावरूनही देश ताडता आला नाही. माझी नोंद तपासणाऱ्या चेकरनेही रक्कम आणि खाते क्रमांक तेवढा जुळवला. मधल्या बँकेने ५७ए वाचला आणि पैसे पुढे ढकलले. तिचं काय चुकलं?

दुपारी एमटी १९२, म्हणजे व्यवहार रद्द करण्याची विनंती, पाठवून पैसे परत मागितले. ग्राहकाला फोन करून सरळ सांगितलं, चूक माझी आहे. तो ओरडला नाही, नुसता "बरं" म्हणाला. ते जास्त लागलं.

तिकडे असलं खातंच नव्हतं, म्हणून पैसे परत आले, पण वाटेतले चार्जेस कापून. ते कोणाच्या नावे टाकायचे, यावर ऑडिटने माझ्याकडून दोनदा लेखी खुलासा घेतला.