श्वास कोणी मोजला?

ऑनलाइन कोर्स केलेले डॉक्टर मुलांना खरंच वेगळ्या तऱ्हेने तपासतात का, हे पाहायला आम्ही प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या ओपीडीत बसतो. कोर्स आयएमएनसीआयचा, म्हणजे पाच वर्षांखालच्या मुलांच्या आजारांच्या एकात्मिक व्यवस्थापनाचा. पोस्ट टेस्टचे, म्हणजे कोर्स संपल्यावरच्या परीक्षेचे, मार्क आधीच हातात असतात. त्यावरून डॉक्टरांना काय येतं ते कळतं, ते काय करतात ते नाही.

पावसाळ्यातला बाजाराचा दिवस, ओपीडी तुडुंब. नऊ महिन्यांचं बाळ, वजन ७.४ किलो, तीन दिवसांचा खोकला. आई म्हणाली, "डॉक्टरसाहेब, रात्रीपासून याचं पोट उडतंय." साहेबांनी स्वेटरवरूनच स्टेथोस्कोप दोन-तीन ठिकाणी टेकवला आणि केसपेपरवर खोकल्याचं औषध व पॅरासिटामॉल लिहिलं.

शेजारच्या खोलीत आमचा दुसरा तपासनीस असतो. त्याला केसपेपर दाखवत नाहीत. त्याने आईला बसवलं, बाळ रडायचं थांबेपर्यंत वाट पाहिली, अंगावरचे कपडे वर केले आणि पूर्ण एक मिनिट श्वास मोजले: ५८. पुन्हा मोजले: ५७. दोन महिने ते एक वर्ष या वयात ५० किंवा जास्त म्हणजे जलद श्वास. (दोन महिन्यांखाली ही मर्यादा ६०, एक ते पाच वर्षांत ४०.) छाती आत ओढली जात नव्हती, बाळ अंगावर पीत होतं, झटके नव्हते, सुस्ती नव्हती. म्हणजे न्यूमोनिया, घरी उपचार चालतील असा. अमॉक्सिसिलिनची २५० मिलिग्रॅमची विरघळणारी एक गोळी दिवसातून दोनदा, पाच दिवस. निरीक्षकाने तपासणीत तोंड उघडायचं नसतं, पण नोंद झाली की चुकलेला उपचार दुरुस्त केल्याशिवाय मूल घरी सोडत नाहीत. तसंच केलं.

ओपीडी संपल्यावर हीच केस त्याच डॉक्टरांना तोंडी सांगितली. उत्तर तत्काळ आलं: "आधी एक मिनिट श्वास मोजायचे." पोस्ट टेस्टमध्येही हा प्रश्न बरोबर होता. बिहारच्या ग्रामीण भागात उपचार करणाऱ्यांच्या २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही हेच दिसलं होतं: कागदावरच्या जुलाबाच्या रुग्णाला ओआरएस (क्षार-साखरेचं पाणी) सांगणारे पुष्कळ जण समोर आलेल्या रुग्णाच्या पालकांना तो देत नव्हते.

मग कोर्स वाया गेला का? त्याच सकाळी जुलाब झालेलं आठ किलोचं मूल त्याच साहेबांनी नीट तपासलं. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, डोळे पाहिले, पाणी देऊन पाहिलं, आणि किलोमागे ७५ मिलिलिटर हिशेबाने ६०० मिलिलिटर ओआरएस चार तासांत द्यायला सांगितलं. ओआरएसचा कोपरा टेबलाला लागूनच होता, मापाचं भांडं, वाटी-चमचा मांडलेला. श्वास मोजायला मात्र ना टायमर, ना आईला बसायला स्टूल. शिवाय कोर्सच्या व्हिडिओतलं बाळ शांत, उघड्या छातीचं असतं आणि पडद्यावर घड्याळ चालू असतं. बाळ शांत करायचं कसं, हे व्हिडिओत हाताखालून जात नाही. वर्गातल्या मूळ प्रशिक्षणात प्रत्यक्ष मुलं तपासायला वेळ राखलेला असतो, शिवाय चार-सहा आठवड्यांत पाठपुराव्याची भेटही असते. ऑनलाइनमध्ये नेमकं हेच कापलं जातं.

मूल्यमापनातला सगळ्यात फसवा आकडा म्हणजे 'बरोबर निदान इतके टक्के'. समजा, खोकल्याच्या शंभर मुलांत नव्वदांना साधी सर्दी आहे. कुणालाही न तपासता सगळ्यांना सर्दी म्हणणारा डॉक्टर नव्वद टक्के बरोबर ठरतो! उलट सगळ्यांना अँटिबायोटिक लिहिणाऱ्याकडून एकही न्यूमोनिया सुटत नाही. म्हणून दोन आकडे वेगळे काढायचे: जलद श्वास असलेल्यांपैकी किती सापडले आणि नसलेल्यांपैकी किती जणांना उगाच अँटिबायोटिक गेलं.

तुलनेचेही सापळे आहेत. कोर्स आधी पूर्ण करणारे बहुधा मुळातच मन लावून काम करणारे असतात. त्यामुळे ज्यांची कोर्सची बारी अजून यायची आहे असे डॉक्टर चिठ्ठ्या टाकून निवडायचे आणि त्यांच्याशी तुलना करायची. उन्हाळ्यातली 'आधी'ची फेरी आणि पावसाळ्यातली 'नंतर'ची यांची तुलना नकोच, कारण मुलांचे आजारच बदललेले असतात. एका डॉक्टरची वीस मुलं म्हणजे वीस स्वतंत्र नोंदीही नव्हेत. त्यामुळे डॉक्टर कमी आणि मुलं जास्त घेऊन काही साधत नाही. आणि निरीक्षक बसला की हात आपोआप नीट चालतात, म्हणून सुरुवातीचे काही रुग्ण मोजणीत धरत नाहीत.

या केंद्राला आम्ही एवढंच सुचवलं: वजनकाट्याजवळ स्टूल आणि टायमर ठेवा, सिस्टरनी वजनाबरोबर श्वास मोजून केसपेपरवर लिहावा. पुढच्या भेटीत आमचं पहिलं काम त्या रकान्यातले शेवटचे अंक पाहणं. ४४, ४८, ५२, ३६ असे सगळे सम आकडे दिसले, तर कोणीतरी अर्धाच मिनिट मोजून दुप्पट करतंय.