कुंडीतलं पाणकणीस आणि लव्हाळे

पाणकणीस (तपकिरी, लांबट कणसांची पाणवनस्पती) थेट तळ्यात लावू नका. त्याचे जमिनीखालचे कोंब टोकदार असतात, तळ्याचं प्लॅस्टिक अस्तर सहज भेदतात आणि एक-दोन हंगामांत सगळं पाणी व्यापतात. तळाला भोक नसलेली, पसरट, ३० ते ४० सेंमी रुंद कुंडी घ्या. त्यात जड चिकणमाती भरा. कोकोपीट आणि शेणखत नकोच. एक तरंगतं, दुसरं पाणी हिरवं करतं. दोन-तीन कोंब असलेला गड्डा लावून वर २ सेंमी खडी पसरा. सुरुवातीला मातीवर ५ सेंमी पाणी पुरे, पानं वाढली की १५ सेंमीपर्यंत चालतं. ऊन किमान सहा तास हवं. सावलीत नुसती पानं येतात, कणसं धरत नाहीत. छोट्या टबासाठी बुटकी जातच बरी.

छाटणीत हमखास चूक होते. वाळलेले दांडे पाण्याच्या वर १०-१५ सेंमी ठेवूनच कापा. मुळांना हवा याच पोकळ दांड्यांतून मिळते. पाण्याखाली कापले तर गड्डा गुदमरून कुजतो. (पाणकणीस हटवायचं असेल, तर मात्र हीच युक्ती!) कणीस पिकून उकलण्याआधी काढा, नाहीतर त्यातला बियांचा कापूस सगळीकडे उडतो.

लव्हाळ्याची ओळख सोपी: बहुतेकांचा दांडा बोटांत फिरवला की तीन धारा लागतात. छत्रीसारख्या लव्हाळ्याची छत्री ५ सेंमी दांड्यासह कापून, पानं निम्मी छाटून पाण्यात उलटी ठेवा. काही आठवड्यांत मुळं फुटतात. दर दोन-तीन वर्षांनी गड्डा विभागा.